अलाबामात तीन वर्षं राहून : काळ्या मातीचा पट्टा आणि तिथली माणसं

परभणीची_लेक

गेल्या महिन्यात न्यू जर्सीला नणंदेकडे गेले होते, तिथे जेवताना कुणीतरी म्हणालं की अलाबामात काय आहे, मागासलेलं राज्य, तिथे कशाला राहता. मी तेव्हा गप्प बसले, पण परत आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं माँटगोमेरीत आहोत. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पण गाडी घेऊन भरपूर फिरलेय आणि लायब्ररीत बसून वाचलंय.

पहिल्या पावसाळी दिवशी हायवे ८० वर सेल्माच्या बाजूला थांबलो होतो, शेताच्या कडेला उतरले आणि चप्पल मातीत रुतून बसली. तशीच चिकट, काळी, वाळली की भेगा पडणारी. माझं माहेर परभणीकडचं, मला ती माती पायाला ओळखू आली. आपली काळी माती बेसॉल्ट खडकातून झालेली, इथल्या मातीखाली मात्र चुनखडीचा थर आहे, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. राज्याच्या मधोमध आडवा गेलेला हा पट्टा, त्याला इथे ब्लॅक बेल्ट म्हणतात. आधी मातीच्या रंगावरून पडलेलं नाव, नंतर तिथे राहणाऱ्या काळ्या लोकांमुळे त्याला दुसरा अर्थ आला. या राज्याचं बरंचसं काही या मातीवरून कळतं असं माझं मत झालंय.

ही जमीन मस्कोगी लोकांची होती, ज्यांना गोरे क्रीक म्हणायचे. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अँड्र्यू जॅक्सननं त्यांना हरवलं आणि तहात २ कोटी ३० लाख एकर काढून घेतले, त्यातला बराच मोठा भाग आजच्या अलाबामात आहे. कापसासाठी जमीन मोकळी झाल्याबरोबर जॉर्जिया, कॅरोलिनाहून मळेवाले गुलामांना साखळीनं बांधून चालवत घेऊन आले. १८१९ मध्ये राज्य झालं आणि १८६० पर्यंत इथल्या ९ लाख ६४ हजार माणसांपैकी ४ लाख ३५ हजार माणसं गुलाम होती. म्हणजे जवळजवळ निम्मं राज्य दुसऱ्याच्या मालकीचं. हा आकडा वाचला त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

आता माँटगोमेरी. विधानभवनाच्या पायऱ्यांवर एक पितळी तारा बसवलाय, १८ फेब्रुवारी १८६१ ला जेफरसन डेव्हिसनं गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेच्या सरकारचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती जागा. तिथे उभं राहून समोर उतरणाऱ्या रस्त्याकडे बघितलं की लगेच डाव्या हाताला लाल विटांचं छोटं चर्च दिसतं. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ पासून तिथे पाद्री होते, वय फक्त २५. एवढ्या जवळ! मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन्हीमधलं अंतर चालून बघितलं, दोन-तीन मिनिटं लागतात.

बसमध्ये काळ्यांनी गोऱ्यांसाठी जागा सोडायची असा तेव्हा इथे नियम होता, त्याविरुद्धच्या बस बहिष्काराची गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात ती अशी की रोझा पार्क्स दमून आल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत. इथे राहून कळलं की हे खरं नाही. त्या अनेक वर्षं हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सेक्रेटरी होत्या, काय करतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन ही १५ वर्षांची मुलगी जागेवरून उठली नव्हती, तिलाही पोलिसांनी ओढून नेलं होतं. कोर्टात जो खटला जिंकला तो रोझा पार्क्स यांचा नव्हताच, चार बायकांचा होता, त्यात ही क्लॉडेट होती. आणि मला सगळ्यात जास्त जवळची वाटते ती जो ॲन रॉबिन्सन, कॉलेजात इंग्रजी शिकवायची. रोझा पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री ही बाई कॉलेजात गेली आणि दोन विद्यार्थी आणि एका सहकाऱ्याला घेऊन पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली, सोमवारी बसमध्ये बसू नका म्हणून. नोकरी सरकारी कॉलेजातली, पकडली गेली असती तर गेलीच. एका दिवसासाठी काढलेलं ते पत्रक, आणि लोक ३८१ दिवस चालले. स्वयंपाकीणबाई, धुणंवाल्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका, थंडीत, पावसात, कामावर जाताना आणि येताना. किंगसाहेबांचं भाषण सगळ्यांना माहीत आहे, या चालणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत.

सेल्मा, बर्मिंगहॅम, मोबील यावर लिहायचंय, पण आधी तुमच्यापैकी कुणी इथे राहिलं असेल तर सांगा.


पांढरं_सोनं

ताई, मी यवतमाळचा, अमेरिका बघितली नाही आणि बघणारही नाही बहुतेक, पण कापूस म्हटलं की आम्ही कुठंही कान देतो. तुम्ही १८६० च्या आकड्यावर थांबल्या, पुढचं आमच्याकडचं आहे. १८६१ ला तिकडं लढाई लागली, उत्तरेच्या आरमारानं मोबीलसारखी बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्रज आले हिंदुस्थानच्या कापसाकडं. मुंबईत भाव कुठल्या कुठं गेले, शेअरचा सट्टा सुरू झाला, बॅक बे भरून काढायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद त्याच काळातले. १८६५ ला लढाई संपली आणि सगळं कोसळलं. मुंबईत श्रीमंत झालेले आणि बुडालेले दोघांची नावं लिहून ठेवलीत, वऱ्हाडात ज्यांनी ज्वारी सोडून पऱ्हाटी लावली आणि भाव पडल्यावर सावकाराच्या वहीत अडकले त्यांची कोणी लिहिली नाहीत. तुमच्या चालणाऱ्या बायांसारखंच आहे हे.

एक विचारायचं होतं, तिकडं कापसावरच्या किडीचा पुतळा आहे असं ऐकलं, खरं का? आमच्याकडं २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं वाट लावली तेव्हा कोणीतरी बोललं होतं.


परभणीची_लेक

दादा, अगदी खरं आहे, मी जाऊन आलेय! एंटरप्राइज नावाचं गाव आहे दक्षिणेला, चौकात मधोमध ग्रीक पोशाखातली बाई उभी आहे आणि तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलाय तो बोंडातला सोंड्या, तिकडे बोल वीव्हिल म्हणतात. अळी नाही, भुंगेरा आहे, सोंड बोंडात खुपसून अंडी घालतो. मेक्सिकोतून टेक्सास, मग पूर्वेकडे सरकत सरकत १९१० च्या सुमारास अलाबामात पोचला आणि पिकंच्या पिकं गेली. तेव्हा त्या गावातल्या एका व्यापाऱ्यानं कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याला भुईमूग लावायला पैसे दिले, पीक चांगलं आलं, बाकीच्यांनी बघितलं आणि दोन-तीन वर्षांत सगळा तालुका भुईमुगावर गेला. १९१९ मध्ये लोकांनी पुतळा उभारला, किडीचे आभार मानायला. गंमत अशी की सुरुवातीला बाईच्या हातात कीड नव्हतीच, ती १९४९ मध्ये बसवली.

पण मला तिथे उभं राहून असं वाटलं की पुतळा जमीनवाल्यांचा आहे. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती, जे बटाईनं करायचे, ज्यांना पेरायला बी आणि खायला मका दुकानदाराकडून उधारीवर घ्यावा लागायचा आणि कापूस निघाला की हिशेबात दरवर्षी देणंच निघायचं, त्यांना पीक बदलायचं की नाही हे कोण विचारतं. त्यातले पुष्कळ लोक गाठोडं बांधून शिकागो, डेट्रॉइटला गेले.

आणि भुईमूग म्हटल्यावर कार्व्हरबद्दल बोलायलाच हवं. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे मराठी घराघरांत हा माणूस पोचलाय, माझ्या आईनं मला आठवीत दिलं होतं. ते ज्या टस्कीगीच्या कॉलेजात शिकवायचे ते माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. कार्व्हर १८९६ ला तिथे आले ते १९४३ ला जाईपर्यंत तिथेच होते. लोकांना वाटतं त्यांनी पीनट बटर शोधलं, तसं नाहीये. त्यांचं खरं काम जमिनीवरचं. कापसानं पिळून काढलेल्या मातीत रताळी लावा, भुईमूग, चवळी लावून मातीला नत्र परत द्या, हे ते अशा लोकांना सांगत होते ज्यांना खत विकत घेणं शक्यच नव्हतं. १९०६ मध्ये घोडागाडीवर शाळा केली, औजारं आणि बियाणं घेऊन गाडी गावोगाव जायची. म्युझियममध्ये त्यांनी रानातल्या मातीपासून केलेले रंग बघितले, एक निळा इतका सुंदर आहे.


सुईदोरा

मी पुण्यात गोधड्या शिवते आणि शिकवते, जीज बेंडचं नाव कुणी काढलं नाही म्हणून राहवलं नाही. अलाबामा नदीच्या वळणावर, तिन्ही बाजूंनी पाणी असलेली छोटीशी वस्ती. पेटवे नावाच्या मालकाचा मळा होता, म्हणून आजही तिथल्या खूप लोकांचं आडनाव पेटवे आहे, मालकाचं नाव माणसांना चिकटलं ते चिकटलंच. १९३२ मध्ये दुकानदार वारला आणि त्याच्या विधवेनं उधारी वसूल करायला माणसं पाठवली, त्यांनी ६० कुटुंबांची जनावरं, औजारं, मका, सगळं उचलून नेलं. जप्तीच की.

त्या बायका शिवायच्या ते थंडी भागवायला. शेतात घालून विरलेल्या पँटी, पिठाच्या गोण्या, नवऱ्याचे शर्ट. एका गोधडीबद्दल वाचलंय की नवरा गेल्यावर बायकोनं त्याचे कामाचे कपडे फाडून शिवली, अंगावर घेतली की तो जवळ आहे असं वाटावं म्हणून. आपल्याकडे आजीच्या नऊवारीची गोधडी नातवाला घालतात, ती भावना वेगळी कशी असेल. फक्त आपण धावदोरा घालत कडेकडेनं गोल आत जातो, त्यांच्याकडे एक हाउसटॉप नावाची रचना आहे, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत बाहेर येतात. पट्ट्या मुद्दाम सरळ नसतात आणि त्यामुळेच ती हलते आहे असं वाटतं. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये लागल्या.

ताई, तिथली नदी ओलांडायची नाव (फेरी बोट) बंद केली होती त्याबद्दल तुम्हीच लिहा, तुम्ही जवळ आहात.


परभणीची_लेक

सुईदोराताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. हो, नाव. नदीपलीकडे कॅम्डेन हे तालुक्याचं गाव, कोर्ट, दवाखाना, दुकानं तिथे, आणि मतदार नोंदणी पण तिथेच. १९६२ मध्ये जीज बेंडचे लोक नोंदणीला जायला लागले आणि नाव बंद झाली. पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, ते रस्त्यानं तासभर झालं, आणि गाडी होती कुणाकडे. ती नाव २००६ मध्ये परत सुरू झाली. ४४ वर्षं. मी त्या नावेतून गेलेय, पाणी शांत होतं, पलीकडचा काठ इतका स्पष्ट दिसत होता की दवाखान्याशिवाय गेलेल्या माणसांचाच विचार डोक्यात येत राहिला.


निळी_पहाट

धागा फार चांगला चाललाय. मला लाउन्ड्स काउंटीबद्दल सांगायचंय कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

माँटगोमेरी आणि सेल्माच्या मधली ही काउंटी, काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग. १९६५ च्या सुरुवातीला तिथे दर पाच माणसांत चार काळे होते आणि मतदार यादीत काळा माणूस एकही नव्हता. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाला घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुरानं झोडपलं, त्यानंतरचा ५४ मैलांचा मोर्चा याच काउंटीतून गेला. बाकीचे लोक मोर्चा संपल्यावर घरी गेले, स्टोकली कार्मायकल हा तरुण कार्यकर्ता आणि त्याचे काही सोबती तिथेच थांबले. गावातल्या जॉन ह्यूलेटसारख्या माणसांबरोबर त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. नोंदणी केली म्हणून मळेवाल्यांनी बटाईदारांना घराबाहेर काढलं, तर ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली, पण नावं मागे घेतली नाहीत.

आता चिन्ह. आपल्याकडे मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह असतं, तसं अलाबामातही प्रत्येक पक्षाला लागायचं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा जयजयकार, १९६६ पर्यंत हे मतपत्रिकेवर छापलं जात होतं. लाउन्ड्सच्या लोकांनी त्यासमोर चिन्ह निवडलं काळा चित्ता, म्हणजे ब्लॅक पँथर, झेप घेणारा. पहिली निवडणूक ते हरले, पण चार वर्षांनी, १९७० मध्ये जॉन ह्यूलेट त्याच काउंटीचा शेरीफ झाला. तो चित्ता तिथून कॅलिफोर्नियात गेला, ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. आमच्या वडिलांच्या तरुणपणी भिंतीवर जो पँथर रंगवला जायचा त्याचं पहिलं घर अलाबामाच्या कापसाच्या शेतातलं आहे. मला हे कळलं तेव्हा मी वडिलांना फोन करून सांगितलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्याच्याही आधी, १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे हा धागा दीडशे वर्षं जुना आहे.


हंट्सविलकर

सगळ्यांचं वाचलं, पटलं पण. मी उत्तरेला हंट्सविलला ११ वर्षं आहे आणि मला वाटतं या धाग्यात अर्धंच अलाबामा आलंय. इकडे काळी माती नाही, टेकड्या आहेत, लाल माती, टेनेसी नदी. उत्तरेतल्या डोंगराळ काउंट्यांत छोटे शेतकरी होते, गुलाम फार थोड्यांकडे, आणि १८६१ मध्ये विन्स्टन काउंटीच्या लोकांनी फुटून निघायला चक्क विरोध केला होता. म्हणजे दक्षिणेतला प्रत्येक गोरा त्या बाजूनं लढायला उत्सुक होता असं नव्हतं.

चंद्रावर माणूस ज्या सॅटर्न ५ रॉकेटनं गेला ते इथे डिझाइन झालं, नासाच्या मार्शल सेंटरमध्ये, १९६० पासून. माझी मुलगी त्या आडव्या ठेवलेल्या रॉकेटखालून चालताना मान वर करून करून दमली. २०२० च्या जनगणनेत आमचं शहर राज्यात सगळ्यात मोठं झालं, बर्मिंगहॅमला मागे टाकून. हे पण खरं की ज्या फॉन ब्राउननं हे उभं केलं त्याची जर्मनीतली व्ही-२ रॉकेटं छळछावणीतल्या कैद्यांनी बनवली होती, आणि इथे त्याच्या नावाचं मोठं सभागृह आहे. मला त्याच्यासमोरून जाताना दोन्ही आठवतं.

आणि माणसं. २७ एप्रिल २०११ ला एका दिवसात इतकी वादळं आली की राज्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, टस्कलूसा शहराचा एक भाग सपाट झाला. तेव्हा इथे असलेल्या ऑफिसातल्या मित्रांकडून ऐकलंय, आमच्याकडे लाइट कित्येक दिवस नव्हते तर अनोळखी लोक गॅसच्या शेगड्या रस्त्यावर मांडून फ्रीजमधलं सगळं शिजवून वाटत होते. आजही शेजारचे आजोबा मी आजारी पडलो की न विचारता लॉन कापून जातात. फुटबॉलबद्दल लिहीत नाही, नाहीतर धागा संपणार नाही, एवढंच की इथे ओळख झाली की पहिला प्रश्न अलाबामा की ऑबर्न (दोन विद्यापीठांचे संघ) असतो आणि उत्तर द्यावंच लागतं.


सडेतोड_बोलतो

सगळं ठीक, पण साठ वर्षांपूर्वीचं किती उकरायचं? लोकांना पुढे जाऊ द्या ना.


परभणीची_लेक

सडेतोड, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, इथे माझ्या शेजारणीनंही मला हेच विचारलं होतं. तिला जे सांगितलं तेच सांगते.

१९०१ मध्ये या राज्यानं नवी घटना केली आणि त्या सभेच्या अध्यक्षानं पहिल्याच भाषणात सांगून टाकलं की गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यानं पक्कं करायचंय. मतदानासाठी कर, मालमत्ता, लिहिता-वाचता येण्याची परीक्षा. तोपर्यंत १ लाख ८० हजारांहून जास्त काळे पुरुष मतदानाला पात्र होते, १९०३ मध्ये नोंदणी उरली तीन हजारांहूनही कमी. गरीब गोरेही हजारोंनी बाहेर गेले. त्याच घटनेनं सगळी सत्ता माँटगोमेरीत ठेवली, काउंटीला साध्या गोष्टीसाठी राज्याची घटनादुरुस्ती लागायची, म्हणून दुरुस्त्या ९०० च्या वर गेल्या. त्यातली वर्णभेदाची भाषा लोकांनी मत देऊन काढली ती २०२२ मध्ये. ही माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे, साठ वर्षांपूर्वीची नाही.

बर्मिंगहॅम बघा. लोखंड, कोळसा, चुनखडी तिन्ही एकाच ठिकाणी सापडलं म्हणून १८७१ मध्ये वसवलेलं शहर, टेकडीवर व्हल्कनचा ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा आहे, त्याचा अभिमान मलाही वाटतो. पण त्या कोळशाच्या खाणीत राज्य आपले कैदी भाड्यानं द्यायचं, १९२८ पर्यंत, आणि रिकामा फिरतो म्हणून पकडलेला काळा माणूस सुद्धा त्यात जायचा.

आणि लाउन्ड्स. तीच काळी चिकट माती पाणी जिरू देत नाही, साध्या सेप्टिक टँकचा उपयोग होत नाही, योग्य टाकी परवडत नाही, म्हणून कित्येक घरांमागे सांडपाणी उघड्यावर वाहतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. २०१७ मध्ये डॉक्टरांना तिथे हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या खुणा सापडल्या. त्या बाईला मी पुढे जा असं सांगू शकत नाही, जिच्या अंगणात हे आहे.

हंट्सविलकर, तुमचं पटलं, माझ्याकडून अर्धं राहिलं होतं. शेजारधर्माचा अनुभव मलाही आहे. माझ्या बाळंतपणात चर्चमधल्या बायकांनी एकमेकींत वार वाटून घेतले आणि तीन आठवडे रोज डबा आला, मी शाकाहारी आहे म्हणून त्यांनी पालेभाजी हॅमशिवाय करायला शिकून घेतलं, एकीनं तर फोन करून विचारलं की चीज चालतं ना. गोऱ्या आणि काळ्या दोन्ही चर्चमधल्या. दोन्ही चर्च वेगळी, हेही सांगायला हवं.


सडेतोड_बोलतो

ताई, सांडपाण्याचं माहीत नव्हतं. माझं वाक्य घाईत लिहिलेलं होतं. मोबीलबद्दल लिहिणार होता ते लिहा.


परभणीची_लेक

मोबील थोडक्यात लिहिते, बाळ उठेल. १७०२ ची फ्रेंच वसाहत, मार्डी ग्रा हा मिरवणुकांचा सण न्यू ऑर्लिन्सच्याही आधी इथे सुरू झाला. माझ्यासाठी मात्र मोबील म्हणजे आफ्रिकाटाउन. गुलाम आणणं १८०८ पासून बेकायदा होतं, तरी १८६० मध्ये टिमथी मिहर या धनिकानं पैज लावून क्लोटिल्डा जहाज पाठवलं आणि आजच्या बेनिनच्या किनाऱ्यावरून ११० माणसं आणली, पुरावा राहू नये म्हणून जहाज जाळून बुडवलं. पाच वर्षांनी सुटल्यावर त्यांना घरी परत जायचं होतं. भाड्याला पैसे नव्हते. मग त्यांनी मजुरी करून पैसे साठवले आणि मिहरकडूनच जमीन विकत घेतली, स्वतःचं गाव वसवलं, शाळा बांधली, आपसात आपली भाषा बोलत राहिले. त्यातले कुजो लुईस १९३५ पर्यंत होते. जहाजाचे अवशेष २०१९ मध्ये नदीच्या गाळात पक्के ओळखले गेले. त्यांचे वंशज अजून तिथेच राहतात.


पांढरं_सोनं

ताई, बाळ झोपलं की एवढं सांगा, तिकडं भुईमुगाच्या शेंगा उकडून खातात का आपल्यासारख्या?


परभणीची_लेक

खातात दादा! रस्त्याच्या कडेला पेट्रोल पंपावर मोठ्या पातेल्यात खारट पाण्यात शिजत असतात, कागदी पिशवीत गरम गरम देतात. ओल्या शेंगा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. आपण तास-दीड तास उकडतो, हे लोक कित्येक तास शिजवतात, दाणा अगदी मऊ होतो, मीठ आतपर्यंत जातं. पुढच्या शनिवारी एंटरप्राइजकडे जाणार आहोत, पुतळ्याचा फोटो इथे टाकते.